वाढत्या अंगाचं माप

मिरजेच्या दवाखान्यात जायला त्या दिवशी आमच्या घरातून पाच माणसं निघाली. पेशंट एकच होता, तो म्हणजे मी, आणि मलाही काही दुखत-खुपत नव्हतं. अण्णा आणि आई यांना जाणं भागच होतं. आजी निघाली ती माळवद्यांच्या घराण्याची बाजू मांडायला, आणि तात्या, म्हणजे आईचे वडील, पंधरा दिवस आधीच येऊन थांबले होते ते खटावकरांच्या घराण्याची बाजू मांडायला. एसटीत दोघं एकाच बाकावर बसले. भांडण हातघाईवर येऊ नये म्हणून मधे मला बसवलं.

विट्याचा स्टँड सुटल्यावर कंडक्टर आला. त्यानं चार तिकिटं फाडली आणि पुढे सरकला. अण्णांनी त्याला परत बोलावलं.

"हिचं अर्धं राहिलं," अण्णा म्हणाले. "साडेनऊ वर्षांची आहे ती. चौथीत आहे."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. तिकीट चुकवणारे त्यानं रोज पाहिले असतील, पण मागून तिकीट घेणारा बाप बहुधा पहिलाच. त्यानं मुकाट्यानं अर्धं तिकीट दिलं. अण्णांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि मी ते मिरजेपर्यंत मुठीत धरून बसले.

आमचं विट्यात शिंपीकामाचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या शाळेचे गणवेश अण्णा शिवायचे. पहिलीतल्या पोरीचा स्कर्ट शिवायचा तर तो कधीच तिच्या मापाचा शिवायचा नाही. खाली चांगली चार बोटं दुमड ठेवायची. याला आमच्यात वाढत्या अंगाचं शिवणं म्हणतात. पोर वाढली की जूनमध्ये तिची आई स्कर्ट घेऊन यायची, अण्णा दुमड उसवायचे आणि एक-दोन बोटं कापड खाली सोडायचे. वरचा स्कर्ट वर्षभराच्या उन्हानं आणि साबणानं विटलेला असायचा, आणि दुमडीतलं कापड मात्र दुकानातल्या ताग्यासारखं गडद निळं. त्यामुळे स्कर्टच्या खालच्या काठाला गडद पट्टा दिसायचा. आमच्या वर्गातल्या मुलींना त्या पट्ट्याची भारी लाज वाटायची. बाकावर बसल्या की त्या तो दप्तरानं झाकायच्या.

माझ्या स्कर्टला पट्टा नव्हता. पहिलीत शिवलेला टेरिकॉटचा स्कर्ट मी चौथीतही घालत होते. पहिलीत तो पोटऱ्यांपर्यंत यायचा, चौथीत गुडघ्याच्या जरा खाली. कमरेचा हूक तेवढा दोनदा सरकवला होता. मला जगात दुसरं काही नको होतं, एक पट्टा हवा होता. पायमशीनवर बसून शिवायचंही मनात होतं, पण त्यासाठी पाय पायडलला पुरायला हवेत, आणि ते पुरायला आधी पट्टा हवा, असा माझा हिशेब होता.

वाढीची नोंद आमच्याकडे रीतसर व्हायची. खंडेनवमीला मशीन, कात्री, इस्त्री आणि टेप यांची पूजा व्हायची. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पूजेतला टेप उचलून पहिलं माप घरच्या पोराचं घ्यायचं, ही अण्णांच्या वडिलांपासूनची रीत. मी चौकटीला पाठ लावून उभी राहायची. अण्णा टाचेपासून डोक्यापर्यंत टेप लावायचे, चष्मा सारखा करायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "कावेरी, दोन इंच." मग लाल कापडात बांधलेली मापाची वही काढून त्यात आकडा लिहायचे आणि मला आपट्याचं पान द्यायचे. दर दसऱ्याला दोन इंच, ना एक सूत कमी ना जास्त.

पण त्या वर्षी शाळेत तपासणीला डॉक्टर आले. त्यांनी मला उंचीच्या पट्टीखाली उभं केलं, हजेरीपट पाहिला, परत मला पाहिलं आणि विचारलं, ही बहिणीबरोबर आली आहे का. बाईंनी सांगितलं की ही याच वर्गाची आहे. डॉक्टरांनी मिरजेला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली.

चिठ्ठी घरी आली आणि रणधुमाळी सुरू झाली. आजीचं म्हणणं, माळवद्यांच्यात कुणी बुटकं नाही. तिचे सासरे दारातून वाकून आत यायचे. तात्यांचं म्हणणं, खटावकरांच्यात सगळे सरळसोट बांबू. स्वतः ते साठी उलटली तरी पाच फूट नऊ. मग हे आलं कुठून? आजी म्हणायची, तुमच्याकडून. तात्या म्हणायचे, तुमच्याकडून. आई मधे पोळ्या लाटत असायची. अण्णा तर मिरजेचं नाव काढलं की कात्रीला धार लावायला बसायचे. त्या पंधरा दिवसांत आमच्या कात्र्यांना जेवढी धार लागली तेवढी पुढे कधी लागली नाही.

मिरजेच्या डॉक्टर म्हणजे देवस्थळीबाई. मुलांची वाढ हाच त्यांचा अभ्यास. त्यांच्या खोलीत खुर्च्या तीन आणि आम्ही पाच. आजी आणि तात्यांनी आधी खुर्च्या पकडल्या. बाहेर नर्सनं मला भिंतीशी उभं करून मोजलं होतं, तो कागद बाईंच्या पुढ्यात होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला.

"घरात अजून कुणाची उंची अशी कमी होती का?"

"न्हाई," आजी आणि तात्या एका सुरात म्हणाले. गेल्या पंधरा दिवसांत त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

बाईंनी कागदावर तळाशी एक गोल काढला, ती मी. वर आई आणि अण्णा. अण्णांच्या वर आजी-आजोबा, आईच्या वर तात्या आणि त्यांची बायको. मग त्यांनी आजीला विचारलं, "आजी, तुमचं माहेरचं नाव काय?"

आजी पदर सावरून म्हणाली, "खटावकर."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी तात्यांकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

"खटावकर," तात्या म्हणाले, आणि जरा थांबून, "ही माझी थोरली बहीण."

आम्हा सगळ्यांना ही गोष्ट माहीत होती. अण्णांना मामाचीच मुलगी केलेली, गावात अशी कितीतरी घरं. आई आजीला सासूबाई नव्हे तर आत्याच म्हणायची. पण आजी चाळीस वर्षं माळवद्यांच्या घरात राहून इतकी पक्की माळवदे झाली होती, की सख्ख्या भावाला "तुमच्या घराण्यातली खोट" म्हणताना आपणही त्याच घरात जन्मलो हे तिच्या ध्यानातच नव्हतं. तात्याही तसेच. दिलेली बहीण म्हणजे समोरची पार्टी. बाईंनी कागदावरच्या दोन फांद्या वर नेऊन एकाच ठिकाणी जोडल्या. दोघंही त्या कागदाकडे असे बघत राहिले, जणू त्यांच्या घरात चोर सापडला आणि तो घरचाच निघाला.

"तुम्हाला अजून भावंडं?" बाईंनी विचारलं.

आजीनं तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी छताकडे. शेवटी आई म्हणाली, "आत्या, किसनकाका."

"तो त्यांच्याकडचा," आजी भावाकडे बोट दाखवून पुटपुटली.

"जन्मभर तुझ्याच दुकानात काजं करत बसला की," तात्या म्हणाले. "तुझ्याकडचा."

"पण तुमचे कोण?" बाईंनी विचारलं.

"भाऊ," दोघंही म्हणाले. या वेळी आवाज खाली गेला होता.

किसनकाका मी पाहिलेला नाही, मी व्हायच्या आधीच तो गेला. आमच्या दुकानात खालच्या पाटावर बसून काजं-बटणं करायचा. आवाज बारीक, पोरासारखा. गिऱ्हाईक आलं की पडद्याआड सरकायचा, आणि घरातल्या लग्नात त्याला दुकान राखायला ठेवायचे. बाईंनी त्याची उंची विचारली. गावाची मापं घेणारी शिंप्यांची दोन घरं समोर बसली होती आणि एकालाही ती सांगता येईना. आजीनं उभं राहून हात आपल्या छातीशी आडवा धरला. "इथवर यायचा," ती म्हणाली. "दहाव्या वर्षापास्नं इथवरच. त्याचं माप परत कुणी घेतलंच न्हाई." हात खाली घ्यायला ती विसरली. तात्यांनी तो धरून तिला खाली बसवलं.

मग बाईंनी नीट समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती वाढीसाठी लागणारं संप्रेरक बनवते. काही घराण्यांत ते बनवायच्या सूचनेतच चूक असते. एकाच बाजूनं चूक आली तर माणूस उंच, धडधाकट राहतो आणि त्याला जन्मभर पत्ता लागत नाही. दोन्ही बाजूंनी आली तर मूल वाढत नाही. यात कुणाचा दोष नसतो. अण्णा म्हणाले, "म्हणजे कागदाचा नमुनाच एका जागी चुकलेला, आणि आम्ही दोघं त्याच्यावरनंच बेतलेले." बाई म्हणाल्या, अगदी बरोबर.

"पण हिला तेच आहे असं अजून म्हणता येत नाही," बाई म्हणाल्या. "नुसती बुटकी मुलं पुष्कळ असतात. ती सावकाश पण नियमानं वाढत असतात, त्यांना काही करायचं नसतं. मला हिची गेल्या काही वर्षांची उंची हवी. बहुतेक लोकांकडे ती नसते."

मला वाटलं, आता अण्णांची पाळी. पिशवीत लाल कापड होतं, ते मी निघताना पाहिलं होतं. पण अण्णांचा हात काही पिशवीत जाईना. तात्यांनीच जावयाची बाजू सावरली. "आमच्या जावयाकडं वही आहे. दसऱ्याच्या दसऱ्याला माप." त्यांनी पिशवीतून वही काढून बाईंसमोर ठेवली.

बाई खूष झाल्या. म्हणाल्या, वीस वर्षांत असा बाप पाहिला नाही. त्यांनी उंचीचा तक्ता काढला आणि वहीतले आकडे त्यावर ठिपक्यांनी मांडले. साडेअडतीस, साडेचाळीस, साडेबेचाळीस, साडेचव्वेचाळीस. ठिपके जोडले तर रेघ कशी सुरेख वर गेली. इतर मुलांपेक्षा खाली, पण त्यांच्याच चालीनं.

"अहो, ही तर छान वाढते आहे," बाई म्हणाल्या. "वर्षाला दोन इंच. मग घाई नको, वर्षानं परत या."

आजीनं हात जोडले. तात्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बाईंनी सवयीनं नर्सचा कागद ओढला आणि आजचा ठिपका मांडला. तो रेघेच्या बराच खाली पडला. बाईंनी नर्सला बोलावून मला पुन्हा मोजायला लावलं. तेच आलं, बेचाळीस इंच.

"दसऱ्याला साडेचव्वेचाळीस," बाई म्हणाल्या. "आज बेचाळीस. महिन्याभरात मुलगी अडीच इंच कमी झाली?"

"सुती कापड पण एवढं आटत न्हाई," तात्या म्हणाले. ते विनोद करत नव्हते, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. आजीला शंका आली की भिंतीवरची पट्टीच वाकडी असेल. तात्यांना वाटलं टेप जुना झाला असेल, ताणला असेल. अण्णांनी खिशातला टेप काढून बाईंसमोर ठेवला. बाईंनी तो पट्टीला लावून पाहिला. टेप सूतभरही चुकत नव्हता.

खोलीत सगळे अण्णांकडे बघत होते आणि अण्णा माझ्याकडे. आता आकडेच जुळत नाहीत म्हणून बाई पुन्हा वर्षानं परत या म्हणतील, हे मला कळलं होतं. एक वर्ष म्हणजे पाचवी. पाचवीतही पट्टा नाही. आणि खरं सांगायचं तर त्याहूनही एक गोष्ट मला कळली होती, ती म्हणजे आता अण्णांना कुणीतरी हात द्यायला हवा.

मी बाईंच्या खुर्चीजवळ गेले आणि स्कर्टचा काठ उलटून बाईंना दाखवला.

"हा पहिलीतला आहे," मी म्हटलं. "याची दुमड अजून उसवलेली नाही."

बाईंना काही कळलं नाही. आईनं सांगितलं, वाढत्या अंगाचं म्हणजे काय, चार बोटं दुमड का ठेवतात, जूनमध्ये गावभरच्या पोरींच्या दुमडी कशा उसवतात.  बाईंनी काठ बोटांत धरून पाहिला. अण्णांच्याच हातचे टाके, साडेतीन वर्षांचे, एकही तुटलेला नाही.

"डॉक्टरीणबाई, वही खोटी आहे," अण्णा म्हणाले. "पहिला आकडा तेवढा खरा. शिंप्याकडं दोन मापं असतात, एक अंगाचं आणि एक वाढत्या अंगाचं. मी हिचं दुसरंच लिहीत आलो. सणाच्या दिवशी पोर वर तोंड करून विचारायची, अण्णा किती? टेप सांगायचा सव्वा इंच, कधी एकच. माझ्यानं ते बोलवायचं नाही."

ते रडले. बापाला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या गुडघ्याला बिलगून सांगितलं की मला माहीत होतं. दुसरीतल्या दसऱ्यालाच, अण्णा जेवायला घरात गेले तेव्हा, मी चौकटीवर डोक्याशी नखानं खूण करून तिला टेप लावून पाहिला होता. पुढच्या दोन दसऱ्यांनाही पाहिला.

"मग बोलली का नाहीस गं?" आईनं विचारलं.

"अण्णा दोन इंच म्हणताना खूष असायचे," मी म्हटलं.

देवस्थळीबाईंनी चष्मा काढून पुसला. मग वहीतले तीन ठिपके खोडले, पहिला आणि आजचा ठेवला आणि दोन्ही जोडले. रेघ जवळजवळ आडवीच गेली. "ही रेघ खरी," त्या म्हणाल्या. "आणि हिच्यासाठी काहीतरी करता येईल, कारण ती आज कळली." अण्णांच्या हातात त्यांनी वही परत दिली. कुणी त्यांना रागावलं नाही. आजीनं मात्र बाहेर आल्यावर त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तिथेच हात ठेवला.

पुढे तपासण्या झाल्या. हाताचा फोटो काढला तर हाडं पाच वर्षांच्या पोरीची निघाली. आजी घाबरली, पण बाई म्हणाल्या ही चांगली बातमी आहे, वाढायला जागा शिल्लक आहे. आजी लगेच म्हणाली, "म्हंजे दुमड हाय अजून." त्यानंतर बाई इतर आईबापांनाही हाडांचा फोटो असाच समजावून सांगायच्या, असं ऐकलं. रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं, ग्रंथी संप्रेरक बनवतच नव्हती म्हटलं तरी चालेल. रोज झोपताना एक इंजेक्शन, बरीच वर्षं.

सुई बारीक, केसासारखी. आयुष्य सुयांत गेलेला माझा बाप ती हातात घेऊन घामाघूम झाला. तीन दिवस त्यांनी प्रयत्न केला. चौथ्या दिवशी आजीनं सुई त्यांच्या हातातून काढून घेतली. किसनला आपण काही दिलं नाही, असं म्हणत तिनं ती टोचली, आणि मग सहा वर्षं कुणाला टोचू दिली नाही. परगावी लग्नाला जायचं तरी ती औषधाचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसायची. तात्या दर महिन्याला येऊन मला चौकटीला उभं करून बघायचे आणि माझी वाढ खटावकरांच्या वळणावर आहे असं जाहीर करायचे. आजी म्हणायची, माळवद्यांच्या. भांडण पुन्हा पहिल्यासारखं रंगायला लागलं, फक्त आता दोघंही श्रेय मागत होते.

पुढच्या दसऱ्याला अण्णांनी पूजेतला टेप उचलला आणि तसाच धरून उभे राहिले. मग त्यांनी टेपचं खालचं टोक आईला धरायला दिलं, आकडा वाचायला तात्यांना बोलावलं आणि स्वतः नुसती वही उघडून बसले.

"पंचेचाळीस आणि अर्धा," तात्या म्हणाले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच.

"साडेतीन इंच," आई हळूच म्हणाली.

अण्णांनी लिहिलं. खाली कंसात कुणाकुणासमोर माप घेतलं त्यांची नावं लिहिली. मग मशीनवरून नवा कापलेला स्कर्ट उचलला आणि म्हणाले, जुना टाकून दे, हा तुला शिवून देतो.

मी नको म्हटलं. जुनाच स्कर्ट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी ब्लेडच्या कोपऱ्यानं टाके एकेक करून काढले, सगळ्या काठाभर. दुमड उघडली तर आतलं कापड ताग्यावरच्यासारखं होतं, गर्द निळं, चार वर्षांत उन्हाला ठाऊक नसलेलं. त्यांनी इस्त्री फिरवली, पण दुमडीची खूण काही गेली नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी तो घालून शाळेत गेले. बाकावर बसल्यावर शेजारच्या सुषमानं माझ्या कानाशी येऊन सांगितलं की तुझा पट्टा दिसतोय, दप्तर घे वर. मी दप्तर उचललं आणि बाकाखाली ठेवलं.